बरव्यांचा रंग आणि समीक्षेचा आळस

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या चित्रांविषयी मराठीत जे थोडेफार बोलले जाते, ते फार लवकर एका शब्दापाशी येऊन थांबते : ‘गूढ’. हा शब्द आदराने उच्चारला जातो, म्हणूनच तो अधिक घातक. चित्राला एकदा गूढ म्हटले की ते पाहण्याची जबाबदारी संपते. रसिक हात जोडून पुढे सरकायला मोकळा होतो.

या कॅनव्हासवर असते तरी काय? घड्याळ, किल्ली, पान, शिंपला, ढग. फडताळात किंवा अंगणात सहज सापडाव्यात अशा वस्तू. त्या ज्या रंगात उतरल्या तो रंगही देव्हाऱ्यातला नव्हे. बरव्यांनी कॅनव्हासवर एनॅमल वापरला. लोखंडी कपाटांना आणि फाटकांना लावतात तो, बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रासारख्या कोणत्याही कारखानी वसाहतीत डब्यांनी खपणारा रंग. तैलरंग कुंचल्याचा फटकारा जपून ठेवतो. एनॅमल आपणहून पसरून सपाट होतो आणि वाळताना हाताची खूण पुसून टाकतो. फटकाऱ्यांत चित्रकाराचे व्यक्तिमत्त्व शोधण्याची सवय जडलेल्या समीक्षेची येथे पंचाईत झाली, आणि ती लपविण्यासाठी तिने गूढतेचा आश्रय घेतला, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

बनारसच्या वास्तव्याचा आणि तांत्रिक प्रतीकांचा दाखला यावर दिला जाईल. साठच्या दशकातील कामात ती प्रतीके आहेतच. परंतु बरवे बनारसला गेले ते साधनेसाठी नव्हे, विणकर सेवा केंद्राच्या नोकरीसाठी, १९६१ मध्ये. या नोकरीचा उल्लेख चरित्रात उपजीविकेच्या एका ओळीत उरकला जातो. वास्तविक विणकामाच्या आराखड्यात प्रत्येक चौकोन हा उभ्या-आडव्या धाग्यांचा हिशेब असतो. नक्षी नसलेली जागाही तेथे मोजूनच सोडावी लागते. बरव्यांच्या चित्रातील दोन वस्तूंमधले रिकामे अंतर याच काटेकोरपणाने राखलेले दिसते. त्याला ‘शून्य’ म्हणून त्यावर तत्त्वज्ञान रचणाऱ्यांनी एकदा तरी मागाजवळ उभे राहावयास हवे होते.

चित्रसमीक्षेहून मोठा दोष मात्र साहित्यसमीक्षेकडे जातो. १९९० मध्ये मौजेने बरव्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ प्रसिद्ध केले. चित्र घडत असताना मनात काय चालते, याचा शोध घेणारे असे गद्य मराठीत विरळा. तरीही वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ते ‘चित्रकाराचे पुस्तक’ म्हणून बाजूस ठेवले, जणू कुंचला धरणाऱ्याच्या वाक्याला वाक्य म्हणून तपासण्याचे कारणच नाही. कवीने चित्रावर लिहिले तर ते ललित. चित्रकाराने लिहिले तर ते तांत्रिक! पुढे शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. हे पुस्तक मुळात मराठी गद्य आहे, याची आठवण मराठी विभागांना त्यानंतर तरी व्हावयास हवी होती.

अनेक ग्रंथालयांत ते कलाविषयक कपाटात सापडते. लघुनिबंधांचे कपाट तेथून फार दूर नसते.