विश्लेषण : वैमानिकांच्या अमली पदार्थ चाचणीने हवाई प्रवास किती सुरक्षित?

उड्डाणापूर्वी वैमानिकांची मद्यचाचणी होते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण गांजा, कोकेन किंवा झोपेच्या गोळ्यांचे काय? ही चाचणी कुणाची होते आणि तिच्या मर्यादा कोणत्या?

नियम काय आहे?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) अमली पदार्थ चाचणीची नियमावली ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. विमान कंपन्या, देखभाल-दुरुस्ती संस्था, वैमानिक प्रशिक्षण संस्था आणि हवाई वाहतूक नियंत्रण यंत्रणा यांना नोकरी वा प्रवेश देण्यापूर्वी ही चाचणी बंधनकारक आहे. याशिवाय दरवर्षी किमान १० टक्के वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची अचानक चाचणी करावी लागते.

चाचणी कशी होते?

लघवीच्या नमुन्यात गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ, अ‍ॅम्फेटामाइन, बार्बिच्युरेट आणि बेन्झोडायझेपाइन यांचा शोध घेतला जातो. प्राथमिक तपासणीत शंका आल्यास कर्मचाऱ्याला लगेच कामावरून बाजूला केले जाते आणि खातरजमेसाठी दुसरी चाचणी होते.

दोषी आढळल्यास काय?

पहिल्यांदा आढळल्यास व्यसनमुक्ती उपचारांसाठी पाठवले जाते. दुसऱ्यांदा परवाना तीन वर्षांसाठी निलंबित होतो, तर तिसऱ्यांदा रद्द. मद्याबाबत नियम अधिक कडक आहे. उड्डाणाच्या १२ तास आधीपासून मद्यपानास बंदी आहे आणि पहिल्याच चुकीला परवाना तीन महिने निलंबित होतो. अल्कोहोल असलेला माउथवॉशही चालत नाही.

त्रुटी कुठे आहे?

श्वासातील मद्य त्या क्षणाची स्थिती सांगते. लघवीतील गांजाचा अंश मात्र सेवनानंतर अनेक दिवस, कधी आठवडेही टिकतो. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ अहवालावरून सेवन कळते, कामावर असताना नशा होती का, हे कळत नाही. दुसरे म्हणजे, १० टक्क्यांची अट वैमानिक आणि नियंत्रकांपुरती आहे. अमेरिकेत अचानक अमली पदार्थ चाचणीचे प्रमाण २५ टक्के असून तिच्या कक्षेत विमानाचे मेकॅनिक आणि केबिन कर्मचारीही येतात. नट ढिला राहिला, तर विमानाला धोका तेवढाच. मग देखभाल अभियंत्याची चाचणी केवळ भरतीच्या वेळी बंधनकारक का?

केवळ चाचणी पुरेशी आहे का?

नाही. २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने आल्प्समध्ये विमान पाडले आणि १५० जणांचा बळी गेला. त्याने मानसिक आजार कंपनीपासून लपवला होता. हे प्रकरण अमली पदार्थांचे नव्हते, पण परवाना जाण्याच्या भीतीने माणूस काय लपवू शकतो, हे त्यातून दिसले. त्यानंतर युरोपने भरतीपूर्व चाचणीबरोबरच वैमानिकांना सहकाऱ्यांकडे मन मोकळे करता येईल अशी मदत यंत्रणाही सक्तीची केली. अमेरिकेत तर १९७० च्या दशकापासून व्यसनी वैमानिकांवर उपचार करून त्यांना देखरेखीखाली पुन्हा विमानात बसवले जाते.

आपल्या नियमावलीत पहिल्या वेळी उपचारांची संधी आहे, ही जमेची बाजू. पण ती पकडले गेल्यानंतरची आहे. थकव्यामुळे झोपेच्या गोळीची सवय लागलेल्या वैमानिकाला स्वतःहून पुढे येऊन मदत मागता आली, तर तो चाचणीत सापडण्याची वाट पाहावी लागणार नाही. चाचणीची व्याप्ती वाढवायलाच हवी. मात्र उरलेल्या ९० टक्क्यांना आपली अडचण सांगण्याचा विश्वास मिळत नाही, तोवर प्रवाशांची सुरक्षा अर्धवटच राहील.