ऊब आणि हयातीचा दाखला

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील ज्येष्ठांपुढे नोव्हेंबर दोन चिंता घेऊन येतो : थंडी आणि हयातीचा दाखला. उतारवयात शरीराची उष्णता टिकवण्याची शक्ती मंदावते. गारठ्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो. लोकरी वस्त्रे व गरम आहार म्हणूनच आवश्यक. मात्र छत्तीसगढची परंपरागत गोरसी बंद खोलीत पेटती ठेवून निजणे प्राणघातक ठरू शकते. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दाखल्यासाठी सकाळच्या गारठ्यात ताटकळणेही अनावश्यक आहे. ऐंशी वर्षे पूर्ण केलेल्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच सादर करता येतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ सुविधा असून २०२१ पासून मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीनेही दाखला देता येतो. घरातील तरुणांनी व शाखेतील कर्मचाऱ्यांनी यासाठी स्वतःहून पुढे यावे.