एका उन्हाळ्याची गाणी

दिवाळीच्या अंकात हलकेफुलके काहीतरी लिहावे, असा घरातून दरवर्षी आग्रह होतो. चकलीचा घाणा चालू असताना माणसाने गंभीर होऊ नये, हे सौभाग्यवतींचे म्हणणे मला तत्त्वतः मान्य आहे. म्हणून यंदा गाण्याविषयी लिहितो. आता गाणे हा विषय हलका की जड, हे वाचकांनीच ठरवावे.

मे महिन्याच्या सुट्टीत चिरंजीवांनी मला अमेरिकेतल्या संगीत महोत्सवांचे चित्रपट पाहायला बसवले. महोत्सव सारे १९६९ च्या उन्हाळ्यातले. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. आणि गंमत अशी की, त्यांच्याही सर्वांत गाजलेल्या महोत्सवावर पावसाने कृपा केलीच. ते संगीत मला परके. पण चार प्रसंग असे भेटले की अजून मनातून जात नाहीत.

पहिला वुडस्टॉकचा. न्यूयॉर्क राज्यात बेथेल गावाजवळ एका दूधवाल्या शेतकऱ्याचे शेत भाड्याने घेतलेले. १५ ऑगस्टला कार्यक्रम सुरू व्हायचा, तर लोटलेल्या गर्दीने रस्ते तुंबलेले आणि कलावंतच वाटेत अडकलेले. त्या तीन-चार दिवसांत चार लाखांवर माणसे तिथे जमली. रिची हेवन्स नावाचा गायक हाताशी होता, त्याला पुढे ढकलले. त्याची गाणी संपली, तरी दुसरे कोणी तयार नाही. पुन्हा जा, पुन्हा गा! पुढचे बुवा येईपर्यंत आख्यान ताणणारे कीर्तनकार आपण पाहिलेले आहेत. तशीच त्याची अवस्था. शेवटी पदरचे सारे संपल्यावर त्याने गुलामगिरीच्या काळातले, आई दुरावलेल्या लेकराचे जुने भजन धरले आणि ‘स्वातंत्र्य’ या एका शब्दाभोवती जागच्या जागी नवे गाणे उभे केले. अंगातला केशरी झगा घामाने चिंब. तयारीची शिदोरी संपल्यावर जे उरते, ते त्या माणसाचे खरे गाणे, असे मला वाटले.

दुसरा प्रसंग त्याच रात्रीचा. तारीख आपल्या स्वातंत्र्यदिनाची, आणि व्यासपीठावर रविशंकर! तबल्याला अल्लारखाँ, तंबोऱ्यावर माया कुळकर्णी. एवढ्या लांबच्या चिखलात एक कुळकर्णी सापडल्यावर मराठी माणसाला आनंद होणारच. पण रविशंकरांना तो आनंद लाभला नाही. वरून पाऊस, समोर नशेत झिंगलेला, चिखलात लोळणारा जमाव. त्यांना चिखलात डुंबणाऱ्या आपल्याकडच्या म्हशी आठवल्या, असे त्यांनी पुढे सांगितले. तरीही ते बसले, वाद्य लावले आणि वाजवले. श्रोता नीट नसताना वाजवणे ही केवढी शिक्षा असते, हे दुपारच्या तासाला शेवटच्या बाकांपुढे ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्याला विचारा!

तिसरा प्रसंग हार्लेमचा. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहराच्या या निग्रो वस्तीतल्या एका बागेत सहा रविवार फुकट मैफली झाल्या. १३ जुलैला भक्तिगीतांचा दिवस होता. महालिया जॅक्सन ही तिथली थोर गायिका. मार्टिन ल्यूथर किंग यांचे आवडते भजन तिने १९६८ मध्ये त्यांच्या अंत्यविधीत गायिले होते. तेच आज गायचे. पण बाईंची प्रकृती बरी नव्हती. शेजारी मेव्हिस स्टेपल्स ही तिशीची गायिका होती. तिला त्यांनी सुरुवात करायला सांगितले. पोरीने जीव ओतून गाणे उभे केले आणि तो स्वर ऐकून आजारी बाई उठून पुढे झाल्या. मग एका ध्वनिक्षेपकावर दोघी आळीपाळीने गाऊ लागल्या. त्या वेळी आमच्या स्वयंपाकघरातले भांडे वाजायचे थांबले होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

या साऱ्याचे चित्रण झाले होते. पण वुडस्टॉकचा चित्रपट दुसऱ्याच वर्षी जगभर गेला, आणि हार्लेमच्या फिती जवळजवळ पन्नास वर्षे एका तळघरात पडून राहिल्या. २०२१ मध्ये त्यांचा चित्रपट निघाला, पुढच्या वर्षी त्याला ऑस्करही मिळाले. महालियाबाई १९७२ मध्येच गेल्या होत्या. कोणाचे गाणे जपायचे आणि कोणाचे तळघरात टाकायचे, हे गाण्याच्या गुणावर ठरत नाही.

चौथा प्रसंग पुन्हा वुडस्टॉकचा. शेवटचा वादक जिमी हेन्ड्रिक्स. कार्यक्रम लांबत लांबत सोमवारी सकाळी त्याची पाळी आली, तोवर बहुतेक मंडळी घरी निघून गेली होती. उरलेल्यांसमोर त्याने गिटारवर अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले. त्यात बाँब फुटल्याचे, किंकाळ्यांचे आवाज काढले. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. वर्षभराने, १९७० च्या सप्टेंबरात, तो सत्ताविसाव्या वर्षी वारला.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, पहाटेच निघून गेलेल्यांना काय वाटत असेल हो?”

त्याला उत्तर दिले नाही. वाचकांना देतो. २००७ च्या डिसेंबरात मी पुण्यात तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. सदाशिव पेठेतली माझी खोली रमणबागेपासून दहा मिनिटांवर. सवाई गंधर्व महोत्सवात पंडित भीमसेन जोशी गाणार होते. वय पंच्याऐंशी, प्रकृती क्षीण. माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि प्रत्येक पेपरामागे मिळणाऱ्या पैशांचा हिशेब होता. म्हटले, पुढच्या वर्षी ऐकू. त्या महोत्सवातले त्यांचे ते शेवटचे गाणे ठरले. २४ जानेवारी २०११ ला ते गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका माझ्यापाशी पुष्कळ आहेत. त्या रात्री तपासलेल्या पेपरांपैकी एकही आज आठवत नाही.

येत्या डिसेंबरात चिरंजीवांना घेऊन महोत्सवाला जायचे ठरले आहे. गठ्ठा आलाच, तर तो कपाटात बंद करून किल्ली सौभाग्यवतींकडे द्यायची. त्या म्हणतात, “किल्ली शेजारी ठेवते. मीही येणार आहे.”