निवेदन : तृतीय वर्ष बी.एस्सी. गणिताचे ऐच्छिक विषय खरोखर ऐच्छिक ठेवण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य
(मा. विभागप्रमुख, गणित यांच्यामार्फत)

संदर्भ : १) आमचे यापूर्वीचे तीन अर्ज. आवक शिक्क्याच्या पोच सोबत जोडल्या आहेत.
२) गेल्या २२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिनाच्या कार्यक्रमात आपण व्यासपीठावरून दिलेले आश्वासन.

महोदय,

आम्ही मुख्य विषय गणित घेतलेले तृतीय वर्षाचे ३४ विद्यार्थी. २०२४-२५ मध्ये नव्या आराखड्यात प्रवेश घेतलेली ही पहिली तुकडी. याच विषयावरचा हा आमचा चौथा कागद. पहिल्याला उत्तर आले नाही. दुसरा विभागाकडे पाठवल्याचे कार्यालयाने सांगितले, तर विभागात तो कार्यालयातच असल्याचे कळले. तिसऱ्या वेळी आपण स्वतः भेटलात, आपुलकीने ऐकून घेतलेत आणि दोन आठवडे मागितलेत. त्याला आता चार महिने होत आले. नियम आपल्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत, म्हणून ते इथे उतरवून घेत नाही. काय घडले तेवढेच लिहितो.

एप्रिलमध्ये ऐच्छिक विषयांचा पसंती अर्ज आमच्याकडून भरून घेतला गेला. त्यावर नंबर थिअरी, ग्राफ थिअरी आणि ऑपरेशन्स रिसर्च असे तीन पर्याय छापलेले होते. आम्ही विचार करून, वरच्या वर्गातल्यांना विचारून, काहींनी घरी वाद घालून अर्ज भरले. १९ जणांनी नंबर थिअरी मागितली, ९ जणांनी ग्राफ थिअरी, ६ जणांनी ऑपरेशन्स रिसर्च. पाचवे सत्र सुरू झाले त्या सकाळी फलकावर यादी लागली आणि ३४ च्या ३४ नावांपुढे ऑपरेशन्स रिसर्च होते. सहाव्या सत्रातही त्याचाच पुढचा भाग असल्याचे आम्हाला वेळापत्रकावरून समजले, कोणी सांगितले नाही. मग पसंती विचारली कशासाठी, हे आम्हाला अजून उमगलेले नाही. सहा सत्रांच्या १३२ श्रेयांकांत मुख्य विषयातले काय शिकायचे ते विद्यार्थ्याने ठरवावे असे श्रेयांक आठच आहेत, चार या सत्रात आणि चार पुढच्या. बाकी जे दिले ते आम्ही निमूट शिकलो आहोत.

ऑपरेशन्स रिसर्चशी आमचे वैर नाही. ज्या सहा जणांना तो हवा आहे त्यांना तो मिळायलाच हवा. पण गेले तीन आठवडे वर्गात लिनिअर प्रोग्रॅमिंगचे प्रश्न आलेखाने सोडवणे चालू आहे आणि ते आम्ही बारावीत बोर्डाच्या पुस्तकातून करून आलो आहोत.

नंबर थिअरीचा आग्रह हौस म्हणून धरलेला नाही. आमच्यापैकी अकरा जण एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम परीक्षा देणार आहेत. ती फेब्रुवारीत असते आणि तिच्या गणिताच्या पेपरात ग्रुप थिअरी असते. आपल्याकडे ग्रुप थिअरी सहाव्या सत्रात आहे, म्हणजे आम्ही सबग्रुपच्या व्याख्येपर्यंत पोचतो न पोचतो तोच परीक्षा होऊन जाते. पाचव्या सत्रात नंबर थिअरी असेल तर निम्मी वाट आधीच चालून होते. एखाद्या संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांची बेरीज हे ग्रुपचे सर्वांत जवळचे उदाहरण आहे, आणि फर्माचे छोटे प्रमेय एकदा हाताने सिद्ध केलेले असले की लाग्रांजच्या प्रमेयातून तेच पुन्हा निघताना पाहून विषय डोक्यात बसतो. ज्यांना संगणकाकडे जायचे आहे त्यांचीही हीच गरज आहे, कारण १९७८ साली प्रसिद्ध झालेली आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत ऑयलरच्या प्रमेयावर उभी आहे. हे निवेदन लिहिणारी मी स्वतः याच अकरांत आहे. शहरातल्या क्लासची फी आणि रोजचा एसटीचा प्रवास दोन्ही जमण्यासारखे नसल्याने जे शिकायचे ते मला इथेच शिकायचे आहे.

आम्हाला दरवेळी एकच उत्तर मिळते : शिक्षक नाहीत. गणित दिनाला आलेल्या पाहुण्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ हा स्थिरांक फळ्यावर करून दाखवला होता. सगळे अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतो. आमच्या अर्जांचेही तसेच झाले आहे. कोणत्याही टेबलापासून सुरुवात केली तरी शेवटी 'शिक्षक नाहीत' येते, फक्त पायऱ्या सातहून जास्त लागतात. त्याच कार्यक्रमात आपण म्हणाला होतात की पुढच्या वर्षी नंबर थिअरीचा वर्ग नक्की सुरू होईल. रामानुजनांचा जन्मदिवस होता आणि त्यांचे आयुष्य याच विषयात गेले, म्हणून आम्ही टाळ्या जरा जास्तच वाजवल्या. ते पुढचे वर्ष हेच आहे.

विभागात दोन पदे रिकामी आहेत आणि ती भरणे एकट्या महाविद्यालयाच्या हातात नाही, हे आम्ही समजतो. पण तासिका तत्त्वावर एक शिक्षक नेमता येतो. निवृत्त झालेल्या आमच्याच एका सरांनी आठवड्याला चार तास यायची तयारी दाखवली आहे आणि तसे त्यांचे पत्र तिसऱ्या अर्जासोबत जोडले होते. ते फाइलमध्ये नसेल तर प्रत पुन्हा देतो. तेही जमत नसेल तर 'स्वयम्'वरचा नंबर थिअरीचा अभ्यासक्रम श्रेयांकांसह करू द्यावा आणि त्यासाठी शनिवारी संगणक कक्ष उघडा ठेवावा. जागेचाही प्रश्न नाही. सकाळी साडेआठला खोली क्रमांक १२ रिकामी असते. आम्ही आठवडाभर रोज जाऊन पाहिली आहे. ग्राफ थिअरी मागणाऱ्या नऊ जणांना पुढच्या सत्रात तो विषय मिळणार असेल तर या सत्रात ते नंबर थिअरीला बसायला तयार आहेत, तशा त्यांच्या सह्या सोबत आहेत. एवढी तडजोड आम्ही आपसांत केली आहे.

ग्रुप थिअरी पाचव्या सत्रात आणण्याची आमची सूचना विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे पाठवावी. त्याचा लाभ आम्हाला होणार नाही, मागून येणाऱ्यांना होईल.

बाकीच्या मागण्या थोडक्यात. गौण विषय म्हणून सध्या फक्त भौतिकशास्त्र दिले जाते, द्वितीय वर्षाच्या मुलांना संख्याशास्त्राचाही पर्याय मिळावा. सायलॅबची प्रात्यक्षिके जर्नलमध्ये उतरवण्याऐवजी संगणकावर व्हावीत. ग्रंथालयात बार्टल-शेर्बर्ट आणि गॅलियन यांच्या पुस्तकांच्या आणखी प्रती घ्याव्यात. चौथे वर्ष, म्हणजे ऑनर्स, आपल्याकडे सुरू होणार की नाही हे दिवाळीपूर्वी लेखी कळावे. गेल्या वर्षी ते 'लवकरच' कळणार होते.

परीक्षा अर्जांची मुदत संपली की विषय बदलता येत नाही, आणि ती मुदत या महिन्याच्या अखेरीस आहे. म्हणून आठ दिवसांत लेखी उत्तर मिळावे ही विनंती. या वेळी तोंडी आश्वासन घेऊन परत न जाण्याचे आमचे ठरले आहे. उत्तर न आल्यास नवव्या दिवशी सकाळी साडेआठला आम्ही खोली क्रमांक १२ मध्ये वह्या घेऊन बसू आणि नंबर थिअरीचे पहिले प्रकरण आपले आपण वाचायला घेऊ. तास बुडवणार नाही, घोषणा देणार नाही. आपल्याला वेळ असेल तर आपणही यावे.

आपले विश्वासू,
तृतीय वर्ष बी.एस्सी. (गणित) चे विद्यार्थी

सोबत : ३४ सह्यांची यादी, तीन अर्जांच्या पोच, एप्रिलमधील पसंती अर्जांच्या आमच्याकडील प्रती, ग्राफ थिअरी मागणाऱ्या नऊ जणांच्या संमतीच्या सह्या
प्रत माहितीसाठी : मा. सचिव, संस्था कार्यालय