एफटीपी की एसएफटीपी?

खालाच्या मुलाचा भिवंडीत कपड्यांचा छोटा व्यवसाय आहे. दुकानाची वेबसाइट तो स्वतःच सांभाळतो. रमजानच्या आधी नवे फोटो चढवायचे म्हणून त्याने स्टेशनवरच्या फुकट वायफायवर लॅपटॉप उघडला आणि एफटीपीने फाइली पाठवल्या. चार दिवसांनी दुकानाच्या पानावर भलत्याच जाहिराती दिसू लागल्या. पासवर्ड तिथूनच गेला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण माझा संशय तोच आहे. त्यात ईमेललाही तोच पासवर्ड!

एफटीपीत नाव, पासवर्ड आणि फाइल असे सगळे उघडे जाते. पूर्वी आखातातून गावी येणाऱ्या माणसाच्या हाती चिठ्ठी पाठवायचे. ती चिकटवलेली नसेल, तर वाटेत कोणीही वाचणार. दूरच्या संगणकावर काम करण्याच्या जुन्या टेलनेटचेही तेच.

यात बनवणाऱ्याचा दोष नाही. एफटीपीचा पहिला आराखडा १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिला. ते अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत शिकत होते. जाळ्यावर मोजके संगणक, तेही विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे. चोर कुठून येणार? १९९५ साली मात्र हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड टिपून घेतले. तेव्हा तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले. त्याचा दरवाजा २२ क्रमांकाचा. एफटीपीचा २१, टेलनेटचा २३, मधला रिकामा होता, तो त्यांनी मागून घेतला.

फाइली पाठवण्याची एसएफटीपी ही पद्धत याच एसएसएचवर चालते. म्हणून होस्टिंगवाल्याने दिली असेल तर तीच घ्या. फाइलझिलामध्ये साइट मॅनेजर उघडून प्रोटोकॉलच्या जागी एसएफटीपी निवडायचे, एवढेच काम आहे. एफटीपीएस हे नाव ऐकून गोंधळू नका. ते जुने एफटीपीच, वर कुलूप चढवलेले. एसएफटीपी मिळत नसेल तर ते चालेल, साधे एफटीपी नको.

पहिल्यांदा जोडताना पडद्यावर सर्व्हरची खूण म्हणून अक्षरांची लांब ओळ येते. आपण सारे न वाचता 'हो' दाबतो, मीही दाबले आहे. होस्टिंगवाल्याने ती खूण कळवली असेल तर जुळवून पाहा. आणि रोजच्या सर्व्हरवर एखाद्या दिवशी 'खूण बदलली आहे' असा इशारा आला, तर तिथेच थांबा आणि आधी फोन करून विचारा.

दुकानातला विंडोज संगणक घरून चालवायचा असेल तर रिमोट डेस्कटॉप असतो. त्यातले बोलणे कुलूपबंद असते, पण त्याचा ३३८९ क्रमांकाचा दरवाजा इंटरनेटवर सताड उघडा ठेवला की पासवर्डचा अंदाज घेणारे रात्रंदिवस टकटक करतात. तो व्हीपीएनच्या आतच ठेवावा. शिवाय, लॅपटॉपमध्येच व्हायरस असेल आणि पासवर्ड त्यातच साठवलेला असेल, तर एसएफटीपी तरी काय करणार? ते फक्त वाट सांभाळते.

भावाने दोन्ही पासवर्ड बदलले, पान साफ करून घेतले आणि खात्यावरचे एफटीपी बंद करा म्हणून होस्टिंगवाल्यांना कळवले. "सगळे तेच वापरतात, भाईजान," असे उत्तर मिळाले. चौथ्या फोनला बंद झाले.