चित्रात दिसते, त्यापलीकडचे

मूतखड्यासाठी पोटाची सोनोग्राफी करावी आणि रिपोर्टाच्या शेवटच्या ओळीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असे सापडावे, हे आता आपल्या घरांत नवलाचे राहिलेले नाही. त्यावर दोनच प्रतिक्रिया मी पाहतो. ‘हल्ली सगळ्यांनाच असते’ म्हणून कागद फायलीत जातो; नाहीतर धास्तीने यकृत ‘साफ’ करणाऱ्या काढ्याची बाटली घरात येते. दोन्हींत एक प्रश्न राहून जातो. या चित्रातून नेमके कळते काय?

सोनोग्राफीत ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीतून चित्र उमटते. निरोगी यकृताची आणि शेजारच्या उजव्या मूत्रपिंडाची छटा जवळपास सारखी असते. पेशींत चरबी साठली की यकृत अधिक पांढरट दिसते. तपासणी स्वस्त आणि निर्धोक आहे. पण चरबी साधारण २० टक्क्यांहून कमी असेल, तर ती निसटू शकते. शिवाय ग्रेड ठरते ती बऱ्याच अंशी पाहणाऱ्याच्या नजरेने.

खरा धोका मात्र चरबीपेक्षा सुजेनंतर यकृतात पडणाऱ्या वणांचा, म्हणजे फायब्रोसिसचा असतो. वण वाढत गेले की सिरॉसिस होतो, आणि तोवर बहुधा काही दुखत-खुपत नाही. ‘ग्रेड वन’वाल्याच्या यकृतात वण असू शकतात आणि ‘ग्रेड थ्री’वाल्याच्या नसूही शकतात. साधी सोनोग्राफी सुरुवातीचे वण दाखवत नाही.

ते ओळखण्याची पहिली पायरी स्वस्त आहे. वय, नेहमीच्या रक्ततपासणीतील एएसटी व एएलटी आणि प्लेटलेटची संख्या यांवरून डॉक्टर ‘फिब-४’ हा आकडा काढतात. पासष्टीच्या आतील माणसात तो १.३ हून कमी असेल, तर बहुधा दिलासा. जास्त असेल, तर फायब्रोस्कॅन. यात बरगड्यांमधून हलका ठोका देतात. यकृत जितके कडक, तितकी त्या ठोक्याची लहर वेगाने जाते. कडकपणा ८ किलोपास्कलच्या आत असल्यास गंभीर वणांची शक्यता कमी.

दारूला न शिवणाऱ्या माणसालाही हा विकार होतो. मधुमेह आणि सुटलेले पोट हे त्याचे सोबती. पण सडपातळ माणूसही सुटतोच असे नाही. तरी ‘लोक काय म्हणतील’ म्हणून रिपोर्ट लपवले जातात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये या विकाराचा समावेश मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी त्याच्या नावातून मद्याचा उल्लेखच काढला आणि चयापचयाशी असलेले नाते पुढे आणले. आता ही जाण दवाखान्यांपर्यंत पोचायला हवी. फायब्रोस्कॅनची सोय मोठ्या शहरांपुरती राहू नये, असे मला वाटते.

वजन जास्त असेल, तर ते ७ ते १० टक्क्यांनी उतरल्यास चरबी आणि सूज दोन्ही कमी होऊ शकतात. ऐंशी किलोच्या माणसासाठी हे सहा ते आठ किलो झाले. हे काम कुठल्याही काढ्याने होत नाही. ते ताटात आणि रोजच्या चालण्यातच करावे लागते. तेव्हा फायलीतला तो कागद बाहेर काढा आणि डॉक्टरांना एवढेच विचारा, “चरबी आहे हे कळले, वण आहेत का?”