शुक्रावर उतरायचे असेल तर

जबलपूरच्या बडा शिमला टेकडीपाशी १८२८ साली स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याला डायनोसॉरची हाडे सापडली. ज्या लमेटा थरात ती होती, त्यावर दख्खनच्या लाव्हाचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, पसरलेला आहे. ५ मार्च १९८२ रोजी शुक्रावर उतरलेल्या सोव्हिएत ‘व्हेनेरा १४’ने तिथला दगड तपासला, तेव्हा तोही बेसाल्टच निघाला. दगड ओळखीचा, हवा मात्र जीवघेणी: ४६५ अंशांच्या आसपास तापमान, आपल्या नव्वदपट दाब, वर गंधकाम्लाचे ढग.

ही हवा कळली ती याने गमावून. १९६७ साली ‘व्हेनेरा ४’ निघाले, तेव्हा खाली पाणी असण्याचीही शक्यता धरलेली होती. म्हणून कुपी तरंगेल अशी बांधली आणि तिच्या कुलपात साखर वापरली. पाण्यात पडली की साखर विरघळून अँटेना सुटावी, एवढा साधा विचार. ती पॅराशूटवरून दीडेक तास उतरत राहिली. शेवटचे आकडे आले ते २६२ अंश तापमान आणि २२ वातावरणांचा दाब. पुढे काहीच नाही. या मंडळींना मी भाबडे म्हणणार नाही. जे ठाऊक नव्हते त्याचीही तजवीज त्यांनी केली होती.

त्या अनुभवावरून ‘व्हेनेरा ७’ची टायटॅनियमची कुपी १८० वातावरणे सोसेल अशी घडवली. १५ डिसेंबर १९७० रोजी पॅराशूट निकामी होऊन ती आदळली, तरी २३ मिनिटे संदेश येत राहिले. टेपवरच्या खरखरीतून ते नंतर शोधून काढावे लागले. पहिल्या ‘व्हेनेरा’पासून इथवर यायला जवळजवळ दहा वर्षे लागली.

१९८५ साली ‘वेगा’ यानांचे दोन फुगे ५४ किलोमीटर उंचीवर तरंगले. तिथे दाब आणि तापमान सोसण्याजोगे असते. विस्कॉन्सिन विद्यापीठातले संजय लिमये यांनी २०१८ साली याच ढगांत सूक्ष्मजीव असू शकतील, अशी शक्यता मांडली. तिची शहानिशा दुरून पुरती होणार नाही.

आपल्या शुक्रमोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये १,२३६ कोटींची मंजुरी मिळाली. उड्डाण मार्च २०२८ मध्ये अपेक्षित आहे. हे यान शुक्राभोवती फिरेल. पहिले पाऊल म्हणून ते योग्यच. पण उतरणारी कुपी हवी तेव्हा मागवून मिळत नाही. १९०४ पासून तोफांचे गाडे घडवणाऱ्या आणि १९४७ पासून अभियंते तयार करणाऱ्या जबलपूरने उष्णता आणि दाब एकत्र तपासणारी एक चाचणी-भट्टी उभारावी. इस्रोने ते काम इथल्या विद्यार्थ्यांवर सोपवावे, आणि २०२८ची वाट न पाहता सोपवावे.